कार्यवाहपदासाठी एक चूक

भाद्रपद आला की आमच्या गल्लीत काठ्या बाहेर निघतात. परवाही निघाल्या. कुणाच्या तरी मोरीतून साप आला म्हणे. मी गॅलरीत येईपर्यंत वीसेक माणसं जमली होती आणि त्यांच्या पायांमधून हातभर काहीतरी वळवळताना दिसलं. चार-सहा फटक्यांत ते संपलं असणार. पण फटके थांबेनात. ज्यांना आधी जागा मिळाली नव्हती ते पुढं सरसावले आणि आपापला हात मारून घेऊ लागले. एकानं तर मोबाइल खिशात ठेवून दोन्ही हातांनी दगड उचलला. "डोकं ठेचा, डोकं!" खालून कुणीतरी ओरडलं, आणि माझ्या तोंडून वय विसरून निघून गेलं, "डोकं ठेवा रे मेल्यांनो!" सगळ्यांनी वर पाहिलं. म्हातारीला काय कळतंय, अशी ती नजर होती.

मला कळतं. अंबडला आम्ही नवा कार्यवाह निवडला त्या भाद्रपदापासून चांगलंच कळतं.

माझ्यासमोर टेबलावर एक जुनी नोंदवही उघडी पडली आहे. तिच्या एका पानावर वर माझं नाव आहे आणि खाली काही नाही. ते पान भरायचं की वही मिटून कपाटात टाकायची, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. खाली जे लिहिते आहे ते सगळं त्याच टाळाटाळीत चाललंय, हे आधीच सांगून टाकते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, नवीन होते, आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. त्या गावातला भाद्रपद मला आवडायचा नाही. पाऊस दडी मारायचा आणि ऊन असं पडायचं की अंगणात वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगा आपोआप तडकायच्या. दुपारभर तड्, तड्, तड्. बायकांची बोटं उडदाच्या शेंगा तोडून काळी पडलेली असायची. मूग घरात आला की त्याच्यामागं उंदीर यायचे, आणि उंदरांच्या मागं साप. महिनाभरापूर्वी ज्याला दूध-लाह्या दाखवल्या त्याच्याच मागं आता गाव काठ्या घेऊन धावायचं. माहेरवाशिणी महालक्ष्म्यांसाठी आलेल्या असायच्या. घरं भरलेली, जमिनीवर अंथरुणाला अंथरूण लागलेलं. चावायला यापेक्षा सोयीचा महिना नाही.

आमच्या सर्पविज्ञान मंडळाचा हंगामही तोच. शाळेच्या मागच्या खोलीत बारा सभासद दर पंधरा दिवसांनी जमायचे, निबंध वाचायचे, भांडायचे. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत फॉर्मलिन आणि फॉर्मलिनमध्ये गुंडाळी करून बसलेले साप. त्या वासानं डोळे चुरचुरायचे, आणि घरी गेल्यावर भातालाही तोच वास यायचा. बरण्यांची झाकणं आणि साप धरायचे चिमटे इस्माईलभाई करून द्यायचे. ते पत्र्याचं काम करणारे कारागीर, पण मंडळाचे रीतसर सभासद. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मंडळानं गेरूनं लिहून घेतलं होतं: 'साप मारू नका. मारलाच तर डोकं ठेचू नका.' दुसरं वाक्य वाचून लोक हसायचे. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. लोक साप मारून, काठीवर टाकून, चावलेल्या माणसासकट आमच्याकडं आणायचे, आणि डोकं शाबूत असलं तर ओळखायला अर्धं मिनिट पुरायचं.

ओळखायचं कुणी, तर कार्यवाहानं. मंडळात अध्यक्ष नावापुरता होता. विषारी की बिनविषारी हा शब्द कार्यवाह द्यायचा आणि त्या शब्दावर बैलगाडी घराकडं वळायची किंवा माणूस जालन्याच्या बसमध्ये बसायचा. लस जालन्याला मिळायची. म्हणून कार्यवाह निवडणं हा आमच्याकडं मानपानाचा प्रकार नव्हता. चुकीचा माणूस निवडला तर कुणीतरी मरणार होतं.

त्यासाठी सावरगावकर सरांनी एक नियम घालून दिला होता. सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, मंडळाचे संस्थापक आणि पहिल्यापासूनचे कार्यवाह. नियम असा: ज्याला कार्यवाह व्हायचंय त्यानं स्वतःची एक चूक नोंदवहीत आपल्या हातानं लिहायची आणि सभेपुढं उभं राहून वाचायची. चूक सापाच्या कामातली हवी आणि खरी हवी. ज्याला आपली चूक सापडत नाही त्याला साप काय सापडणार, असं ते म्हणायचे. पहिल्या पानावर त्यांची स्वतःची होती. तरुणपणी त्यांनी एक गरीब धामण भीतीपोटी मारली आणि नाग मारला म्हणून गावभर सांगितलं. गावानं त्यांना नारळ दिला, तो त्यांनी खाल्लाही. हे सगळं त्या पानावर आहे, नारळासकट.

त्या भाद्रपदात एका सकाळी शहागड रस्त्यावरच्या एका खेड्यातून बैलगाडी आली. गाडीत यमुना नावाची वीस-बावीस वर्षांची मुलगी, महालक्ष्म्यांसाठी माहेरी आलेली. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठली, तर गोधडीच्या घडीत साप. चावला की नाही हे तिलाही धड सांगता येईना. कुठं खूण दिसत नव्हती. तिचा भाऊ किसन, दांडगा गडी, घामानं निथळत होता. त्यानं काठीवरून साप उतरवला. "सर, जल्दी बघा," म्हणाला. "म्याच मारला. लई मारला."

लईच मारला होता. डोक्याची चटणी झाली होती आणि शेपटीचीही. मधला हातभर तुकडा तेवढा उरला होता, काळपट, अंगावर पांढरे पट्टे असलेला. असे पट्टे आमच्याकडं दोन सापांना असतात. कवड्याचे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट. मण्यारीचे नेमके उलटे, शेपटीकडं ठळक. कवड्या चावला तर हळद दाबून कामाला लागावं. मण्यार चावली तर दुखत नाही, सुजत नाही, आणि माणूस काही तासांत जातो.

मंडळात एक सभासद होते रंगनाथ खरात. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. छप्पनला दीक्षा घेतलेल्या घरातले, मॅट्रिक झालेले, बोलायला कमी. आमच्याच शाळेतले शिक्षक तौर, त्यांना आम्ही तौर सर म्हणायचो, इस्माईलभाईंना इस्माईलभाई, आणि खरातांना नुसतं खरात. सभेत बरण्या काढणं, ट्रे धुणं हे काम त्यांच्याकडं कधी आलं कुणाला आठवत नव्हतं आणि कुणाला खटकतही नव्हतं. मलाही नाही. त्या दिवशीही साप ट्रेमध्ये त्यांनीच ठेवला. सरांनी चष्मा पुसला आणि एका टोकावर बोट ठेवून म्हणाले, "ही मान. पट्टे इथं ठळक आहेत. कवड्या. घरी न्या, काही होत नाही."

किसननं सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. आनंदानं रडला. त्या आनंदाच्या आड यायची कुणाची छाती झाली नसती.

मी तेव्हा बाहेर लिंबाखाली यमुनेपाशी होते. त्याबद्दल पुढं.

गाडी घराकडं वळली आणि ओढ्यापाशी पोचायच्या आत यमुना गेली. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, किसन चार जणांना घेऊन सरांच्या अंगणात आला. मी समोरच राहत होते. पहिला फटका सरांच्या चष्म्यावर बसला. मग ते खाली पडले आणि मग ते पाच जण त्यांना मारत राहिले. सर साठीला आले होते. त्यांनी एकदाही हात आडवा धरला नाही. डाव्या हाताचं हाड मोडलं तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला, तडकलेल्या शेंगेसारखा. सरांची बायको ओरडत होती. अख्खी आळी दारांआड उभी होती. माझ्या दाराची कडी माझ्या मुठीत होती. ती मी ते लोक निघून गेल्यावर काढली. हे लिहितानाही मला स्वतःची चीड येते, पण ही माझी ती चूक नव्हे. भित्रेपणा सगळ्यांचाच होता.

सरांनी पोलिसांत तक्रार दिली नाही. राजीनामा मात्र दिला, उजव्या हातानं लिहून, आणि सोबत नव्या कार्यवाहपदासाठी तीन नावं सुचवली: तौर सर, खरात आणि मी.

सभा पुढच्या रविवारी दुपारी भरली. खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. सरांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्यांचा फुटका चष्मा कुणीतरी आणून ठेवला होता. तो कुणी आणला आणि का, कोण जाणे. मला तो बघवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझं नाव मागं घ्या. मला घरचं बघावं लागतं." सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. बाईमाणसानं असं म्हटलं की कुणी खोलात शिरत नाही. ही सोय मी त्या दिवशी पुरेपूर वापरली.

तौर सर बी.एस्सी. होते, शाळेत मला ज्येष्ठ, देखणं बोलायचे. त्यांनी वही उघडून वाचलं की गेल्या पावसाळ्यात एका नोंदीत त्यांच्या हातून बुधवारच्या जागी गुरुवार पडला. एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात दाराशी काठी आपटली.

किसन होता. एकटाच. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. "चालू द्या," म्हणाला. "नवा कोण होऊन राह्यला ते बघाया आल्तो. माझ्या भैनीला मारलं त्यानं खुर्ची सोडली. आता कोणाच्या भैनीला मारनार हाये, त्याचं तोंड बघू द्या मला."

त्याला बाहेर काढायला कुणी उठेना. खरात वही घेऊन उभे राहिले. त्यांनी किसनकडं पाहिलं, मग खाली पाहिलं आणि वाचलं. ते पान आत्ताही या वहीत आहे. अक्षर बाळबोध, एकेक शब्द सुटा.

"सरांनी मान म्हणून ज्या टोकाला बोट लावलं, तिकडून मी पोटाच्या खवल्यांवर नख ओढलं. नख दर खवल्याला अडकलं. डोक्याकडून शेपटीकडं ओढलं तर अडकत न्हाई. म्हणजे साप उलटा धरला व्हता. म्हणजे मण्यार. मला कळलं व्हतं. मी बोललो न्हाई."

"क्यूं?" इस्माईलभाईंच्या तोंडून निघालं. "काहून नाही बोले, खरात?"

"इथं मला कोणी कधी इचारलं न्हाई, इस्माईलभाई. बोलायची सवय न्हवती," खरात म्हणाले. "पण ते कारण झालं. त्यानं चूक धुतली जात न्हाई."

किसननं काठी उचललेली मी पाहिलीच नाही. खरातांच्या कानावर बसलेली पाहिली. दुसरी खांद्यावर. तिसरी फळीवर गेली आणि दहा-बारा वर्षांचं मंडळ धडाधड खाली आलं. काचा, फॉर्मलिन, साप. डोळ्यांतून धारा लागल्या. ओल्या फरशीवर नाग, घोणस, दिवड, धामण असे सगळे घसरत पायांत आले, आणि आम्ही सर्पविज्ञान मंडळाचे विद्वान सभासद मेलेल्या सापांना भिऊन बाकांवर चढलो. आज हसू येतं. तेव्हा तौर सर किंचाळत होते आणि त्यांच्या तळव्यातून रक्त गळत होतं. किसन माणसं सोडून सापांवर वळला होता. वर्षांपूर्वी मेलेले, पांढरे पडलेले साप तो ठेचत होता, एकेकाचं डोकं शोधून. "हे घे, हे घे," म्हणत होता. काठी मोडली तेव्हा तो टाचेनं ठेचायला लागला. अनवाणी, काचांवर.

शेवटी इस्माईलभाईंनी त्याला मागून कवेत धरलं. "बस, बेटा, बस. पाय बघ तुझा," ते म्हणत होते. किसनचं अंग एकाएकी सैल पडलं. तो फरशीवर बसला आणि खरातांकडं बघून अगदी लहान आवाजात त्यानं विचारलं, "म्या त्याचं डोकं ठेचलं नसतं, तं वाचली असती का वो ती?"

त्या खोलीत तेव्हा या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. डोकं असतं तर सर चुकले नसते. खरातांच्या कानातून रक्त येत होतं, मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. ज्यानं ते काढलं त्याला सरळ उत्तर द्यायची याहून चांगली संधी कुठली?

"डोकं न्हवतं तरी मला कळलं व्हतं," खरात म्हणाले. "तुमच्याकडं न्हाई येत ते. माझ्याकडं येतं."

किसन जे रडला ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही आणि ऐकायचंही नाही.

तौर सरांनी रुमाल गुंडाळलेला हात सगळ्यांत आधी वर केला. "खरातसाहेब," असं ते म्हणाले. आयुष्यभर मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवली, पण तेवढ्या एका शब्दासाठी त्यांना माफ करते. मग एकेक हात वर गेले. माझाही. हात वर करायला काय लागतं?

नव्या कार्यवाहानं कानाला कापूस लावून पहिलं काम केलं. वही मांडीवर घेऊन नवा नियम लिहिला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटला: "आजपासून साप बघायच्या आधी माणूस बघायचा." सगळे बरोबर, बिलकुल बरोबर म्हणाले. मग यमुनेला त्या दिवशी कोण बघत होतं, हे कुणीच विचारलं नाही. खरातांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा लिहायला लागले.

ती नजर मी पन्नासच्या वर भाद्रपद बरोबर वागवली. तिच्यात राग असता तर मी तिच्याशी भांडले असते. पुढं खरात वीस-बावीस वर्षं कार्यवाह होते. त्यांच्या शब्दावर माणसं जालन्याला गेली आणि चालत परत आली. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे, म्हणून लोक उजव्या बाजूला बसायचे. किसन दर महालक्ष्म्यांना त्यांच्याकडं मुगाची पिशवी घेऊन यायचा, असं ऐकलं. मी बदली मागून घेतली. घरचं बघायचं होतं ना.

गेल्या आठवड्यात खरातांची मुलगी आली. जालन्याला डॉक्टर आहे. बाबा उन्हाळ्यात राजूरला वारले, असं तिनं सांगितलं. शेवटची वर्षं ते तिथंच धाकट्या मुलाकडं राहत होते. तिनं पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. "मंडळ पुन्हा सुरू करतोय आम्ही, बाई. वही लागेल. पण त्याआधी तुमच्याकडं द्यायला सांगितलंय. एक पान बाकी आहे म्हणाले."

मी ते पान काढलं. खरातांच्या पानाच्या लगेच पुढचं. वर त्यांच्या बाळबोध अक्षरात माझं नाव, आणि शाई आधीच्या पानाइतकीच जुनी. म्हणजे त्यांनी ते त्याच दुपारी लिहिलं होतं. वीस-बावीस वर्षं मंडळाच्या सगळ्या नोंदी त्या पानाच्या पुढून सुरू झाल्या.

"काही म्हणाले का?" मी विचारलं.

"बाई लिहितील, त्यांना घाई करू नका, म्हणाले."

परवा गल्लीतला साप मारून झाल्यावर माणसं आपापल्या घरी गेली. खाली फरशीवर ओला डाग तेवढा राहिला. मी आत आले, पंखा लावला आणि पेन शोधलं.

चूक: त्याच महिन्यात मी मंडळापुढं मण्यारीवर निबंध वाचला होता. आधी पोट दुखतं, मग गिळता येत नाही, मग पापण्या मिटू लागतात, हे मी वाचलं आणि टाळ्या घेतल्या. यमुना लिंबाखाली बसली होती. मी तिला बशीत चहा दिला. तो तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून खाली ओघळला. मी पदरानं पुसला. तिच्या पापण्या मिटत होत्या. पहाटेपासून जागी आहे, दमली असेल, असं मला वाटलं. मी तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाले, झोप.